चाळिशीनंतरची माती

औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी नेमाने सूर्यनमस्कार घालू लागले ते १९०८ साली. त्यांचा जन्म १८६८चा, म्हणजे तेव्हा ते चाळिशीला टेकले होते. त्याआधी दहा वर्षं त्यांनी सँडो या युरोपीय बलवानाच्या पद्धतीचा व्यायाम केला होता, विलायतेहून पुस्तक आणि साधनं मागवून. मिरजेच्या संस्थानिकांचं पाहून त्यांनी ती साधनं बाजूला ठेवली आणि नमस्कार धरले. पुढच्याच वर्षी ते गादीवर आले आणि यथावकाश संस्थानच्या शाळांतून नमस्कार सक्तीचे झाले. त्यांचं ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघालं १९३८ साली, तेव्हा ते सत्तरीचे होते. त्यांच्याच आश्रयाने औंधात स्वाध्याय मंडळ चालवणारे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे आसनांचे आणि नमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते. ते १९६८ साली गेले, शंभरी ओलांडून.

या इतिहासाची उजळणी योगदिनाला दरवर्षी होते. त्यातली वयाची बाजू मात्र फारशी कोणी बोलत नाही. व्यायाम हे पोरांचं काम आणि चाळिशीनंतर माणसाने सकाळी फिरून यावं, ही समजूत औंधच्या राजाने स्वतःच्या देहावर खोटी पाडून दाखवली. आपण ती शिकवण नमस्कारापुरती घेतली. ज्या मातीत हा राजा झाला त्या मातीचा खरा व्यायाम कुस्ती. तिला मात्र आपण वयाचं कुंपण घातलं ते आजतागायत काढलेलं नाही.

पंचेचाळीस, पन्नास, साठ वर्षांच्या माणसाने अंगाला अंग भिडवणारी विद्या शिकावी का, शिकता येते का, आणि शिकायची तर कुठे? मी कुस्तीबरोबर ज्युदो आणि ब्राझिलियन जुजित्सू यांनाही या प्रश्नात धरतो, कारण पकड, तोल आणि पाडापाडी हा तिघींचा समान धंदा आहे. ठोसे-लाथांच्या विद्या इथे बाजूला ठेवतो. उतारवयात डोक्यावर मार घेण्याची बाजू मांडायला माझ्यापाशी एकही मुद्दा नाही.

आधी घरचं पाहू. औंध संस्थान ७२ गावांचं, तेही तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं. औंध आज सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात आहे. आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. कुंडलचं कुस्ती मैदान पश्चिम महाराष्ट्रात नामांकित. कराडजवळचं गोळेश्वर हे खाशाबा जाधवांचं गाव; १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांनी आणलं. सांगली जिल्ह्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने आणि शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर या दोघांनी १९६२च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य मिळवलं. समर्थांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी बहुतेकही याच पट्ट्यात, चाफळपासून शिराळ्यापर्यंत. बलोपासनेसाठी याहून तयार जमीन महाराष्ट्रात कोल्हापूर सोडलं तर दुसरी सापडणार नाही.

आणि तरीही या मुलखातल्या कोणत्याही तालमीत संध्याकाळी जाऊन उभं राहिलं, तर आखाड्यात दिसतात ती दहा ते पंचवीस वयाची पोरं. पन्नाशीचा माणूस असतो, पण कट्ट्यावर. तो वस्ताद असतो, पंच असतो, यात्रेच्या मैदानाला इनाम लावणारा देणगीदार असतो किंवा नुसता शौकीन असतो. हलगी कडाडली की त्याच्या खांद्यांत अजून हालचाल होते, पण अंगाला माती लागत नाही. आंदळकरांसारख्या थोर मल्लाने कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत उतारवयापर्यंत पोरं घडवली. २०१८ साली गेले तोवर कुस्ती हेच त्यांचं जग होतं. वस्तादाची ही जागा मानाची आहे आणि तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण ती जागा मिळते ज्याने तरुणपणी मैदानं मारली त्याला. ज्याने आयुष्यभर शेती केली, एसटीत नोकरी केली, शाळेत शिकवलं, आणि ज्याला आता पोरं मार्गी लागल्यावर एकदा कुस्ती शिकायची आहे, त्याच्यासाठी तालमीत जागाच नाही.

याला कारणं आहेत. आपल्याकडची तालीम ही राहण्याची जागा आहे. पोरगा गाव सोडून येतो, तालमीतच झोपतो, भाकरी-कालवण तिथेच करतो, पहाटे उठून जोर-बैठका मारतो. लंगोट आणि ब्रह्मचर्य यांचं नातं इतकं पक्कं की लग्न झालेला, पोरंबाळं असलेला गडी तिथे नियमातच बसत नाही. दुसरं कारण मैदान. आपली सगळी कुस्ती मैदानाकडे तोंड करून उभी आहे: इनाम किती, जोड कुणाशी, निकाली झाली की बरोबरीत सोडवली. दूध-तूप-बदामाचा खुराक महाग, तो घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन द्यायचा, तो अर्थातच जिंकून आणणाऱ्याला. मैदानात ज्याचं काही होणार नाही त्याने माती का उडवावी, हा प्रश्न या व्यवस्थेच्या आतून पाहिलं तर रास्तच ठरतो.

पण व्यवस्था अशीच असली पाहिजे असं नाही. जोसेफ आल्टर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने बनारसच्या आखाड्यांचा अभ्यास करून १९९२ साली ‘द रेसलर्स बॉडी’ हे पुस्तक लिहिलं. त्यातले आखाडे मोहल्ल्याचे आहेत. दूधवाले, दुकानदार, नोकरदार सकाळी येतात, मेहनत करतात, अंग मळतात, विहिरीवर आंघोळ करून कामाला जातात. तिथला आखाडा ही रोजच्या जगण्यातली एक जागा आहे. आपल्याकडेही गावोगावच्या जुन्या तालमी कधीकाळी बऱ्याच अंशी तशाच होत्या. व्यावसायिक कुस्ती वाढली तशी तालीम वसतिगृह झाली. आणि वयाप्रमाणे मल्लांची वर्गवारी ही काही पाश्चात्त्य कल्पना नव्हे. कल्याणीच्या चालुक्यांच्या सोमेश्वर राजाच्या ‘मानसोल्लासा’त, बाराव्या शतकात, मल्लविनोदाचं प्रकरण आहे. त्यात मल्लांचे प्रकार वय, अंगकाठी आणि ताकद पाहून पाडलेले आहेत. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी दरबारात जो विचार होता तो आज आपल्या यात्रा कमिटीकडे नाही.

तालमीतल्या कुस्तीचा शेवट कसा होतो, तेही बोललं पाहिजे, कारण वय आणि कुस्ती यांबद्दलची भीती तिथूनच येते. तिशी-पस्तिशीत मैदान सुटतं. मैदान सुटलं की मेहनत सुटते. खुराक सुटत नाही. रोज हजार बैठकांना लागणारं खाणं बैठकांशिवाय चालू राहतं. मग पोट सुटतं, साखर वाढते, गुडघे बोलू लागतात, आणि गाव म्हणतं, “बघा, कुस्तीनं शरीर खाल्लं.” शरीर कुस्तीने खाल्लेलं नसतं, ती एकाएकी थांबवल्याने खाल्लेलं असतं. जुन्या पैलवानांसाठी उतरणीचा काही क्रम आपण बसवलाच नाही. पंचविसाव्या वर्षी दिवसाला सहा तास आणि छत्तिसाव्या वर्षी शून्य, या दोन्हींच्या मधे काहीतरी असायला हवं होतं. बाळासाहेबांनी नमस्काराच्या बाबतीत हेच साधलं होतं: साधनं नकोत, जोड नको, मैदान नको, रोजचा ठरलेला वेळ पुरे.

आता शरीराची बाजू. तिशीनंतर दर दशकाला माणसाचे स्नायू साधारण ३ ते ८ टक्के घटतात, साठीनंतर त्याहून वेगाने. ताकदीपेक्षाही झटका आधी जातो, म्हणजे चटकन जोर लावण्याची क्षमता. कारण वेगवान तंतू आधी बारीक होतात. कुस्तीत झटका हेच भांडवल, म्हणून चाळिशीचा पैलवान पंचविशीच्या पोरापुढे मंद वाटतो. पण घटलेलं काहीच परत येत नाही हे खरं नाही. १९९० साली अमेरिकेत नव्वदीतल्या दहा वृद्धाश्रमवासीयांना आठ आठवडे वजनाचा व्यायाम दिला, तर त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होतं तर पन्नाशीत काय हरकत आहे?

पकडीबद्दलचा पुरावा तर तालमीच्या माणसाला ऐकून बरं वाटेल असा आहे. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार माणसांच्या हाताची पकड मोजून, काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. पकड ५ किलोने कमी असली की कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याची जोखीम १६ टक्क्यांनी जास्त आढळली. याचा अर्थ मूठ आवळत बसलं की आयुष्य वाढतं असा नव्हे. पकड ही साऱ्या शरीराच्या तब्येतीची खूण आहे, इतकंच. पण ती खूण राखायला जोडीदाराच्या मनगटाशी झगडण्याइतका मजेचा मार्ग मला तरी माहीत नाही. फिरायला जाण्यात पकड नाही, मागे-पुढे होणारा तोल नाही, समोरून अनपेक्षित येणारं ओझंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद दोन्हींचा व्यायाम करायला सांगितलं. आपल्याकडच्या ज्येष्ठ नागरिक संघांनी ते अजून चालणं आणि हास्यक्लब यांपुढे नेलेलं नाही.

जगाच्या इतिहासातली उदाहरणं पाहताना एक पथ्य पाळावं. अजोड माणसांवरून आपला निर्णय घेऊ नये. गामा पैलवानाने १९२८ साली पतियाळात पोलिश मल्ल झिबिस्कोला मिनिटभराच्या आत अस्मान दाखवलं, तेव्हा दोघंही पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. सोव्हिएत रशियाचा अनातोली रोशचिन १९७२ साली चाळिसाव्या वर्षी ऑलिंपिक विजेता झाला. क्यूबाच्या मिहाइन लोपेझने २०२४ साली पॅरिसला ४१व्या वर्षी सलग पाचवं सुवर्ण घेतलं आणि आपले बूट गादीवर काढून ठेवून निवृत्ती घेतली. ही माणसं पोरवयापासून तिथेच होती. उशिरा उतरणाऱ्याला त्यांच्याकडून स्फूर्ती मिळेल, मार्ग मिळणार नाही.

मार्ग दाखवला तो जपानने. जिगोरो कानो यांनी १८८२ साली कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली आणि विद्येचे दोन भाग केले. एक मोकळी झुंज आणि दुसरा ‘काता’, म्हणजे दोघांनी ठरवून, एकमेकांना सांभाळत करायचे डाव. ‘जु नो काता’ हा प्रकार त्यांनी असा बांधला की त्यात जोडीदार उचलला जातो, तोल जातो, पण आपटला जात नाही. केइको फुकुदा या बाई त्याच प्रकाराच्या जाणकार. २०११ साली, ९८व्या वर्षी त्यांना अमेरिकी ज्युदो संघटनेने दहावी ‘दान’ श्रेणी दिली. तोवर त्या सॅन फ्रान्सिस्कोत शिकवत होत्या. ज्युदोगुरू क्युझो मिफुने सत्तरी ओलांडल्यावर तरुणांना कसे चकवत ते १९५५च्या एका चित्रपटात आजही पाहता येतं. आपल्या कुस्तीत डाव-प्रतिडावांचा खजिना याहून लहान नाही. पण झुंजीविना डाव खेळून दाखवणं याला आपण फक्त शिकवणी मानतो, तो स्वतंत्र व्यायाम होऊ शकतो हे आपल्या ध्यानात आलं नाही.

ब्राझिलियन जुजित्सूने दुसरी वाट काढली. तिथला सराव बहुतेक वेळ गुडघ्यावर किंवा जमिनीवरच सुरू होतो, त्यामुळे उंचावरून पडणं कमी. हात आपटला की समोरच्याने सोडायचं हा नियम पाळणं ही तिथे शिस्त आहे, कमीपणा नाही. त्यांच्या स्पर्धांत तिशीपासून वयोगट सुरू होतात आणि एकसष्टीच्या पुढेही गट आहे. खाण्यावरचे कार्यक्रम करणारे अँथनी बोर्डेन हे अठ्ठावन्नच्या आसपास शिकायला लागले आणि २०१६ साली न्यूयॉर्कमध्ये आपल्या वयोगटात सुवर्णपदक घेऊन गेले. जागतिक कुस्ती संघटनाही ३५ वर्षांपुढच्या मल्लांसाठी पाच-पाच वर्षांचे गट करून विश्वस्पर्धा भरवते. मुंबई-पुण्यात जुजित्सूच्या शाळा निघाल्या आहेत आणि तिथे चाळिशीचे नोकरदार फी भरून जातात. सांगलीचा शिक्षक जात नाही, कारण सांगलीत त्याला तालीम आहे आणि तालमीत तो नको आहे. ही गोष्ट मला लाजिरवाणी वाटते.

आता या प्रश्नाच्या गाभ्याशी येतो: पडणं. म्हातारपणात माणसाला सर्वांत महाग पडते ती एक चूक म्हणजे न्हाणीत किंवा उंबऱ्यावर पडणं. जगात दरवर्षी पडण्याने सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. खुब्याचं हाड मोडण्याच्या बहुतेक घटना कुशीवर पडण्यातून होतात. नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पूर्वी पडलेल्या वृद्धांना पाच आठवडे अडथळ्यांवरून चालणं शिकवलं आणि त्याबरोबर ज्युदोवरून घेतलेलं पडण्याचं तंत्रही: हनुवटी छातीशी, हात ताठ टेकवायचा नाही, अंग गोल करून लोळायचं. त्यांचं पडणं ४६ टक्क्यांनी घटलं. त्याच गटाने मोजून दाखवलं की अशा लोळण्याने खुब्यावरचा आघात बराच कमी होतो. स्वीडन आणि स्पेनमध्येही ज्युदोवरून वृद्धांसाठी पडण्याचे वर्ग निघाले.

इथे आपल्या कुस्तीची एक अडचण उघड होते. ज्युदोत पहिल्या दिवशी पडायला शिकवतात. पडणं हा धडा आहे. कुस्तीत पाठीला माती लागली की संपलं. म्हणून आपला गडी लहानपणापासून एकच गोष्ट अंगात मुरवतो: काही झालं तरी पाठ लावायची नाही. हवेत असतानाच तो वळतो, पोटावर येतो, हात रोवतो. विशीत हे कौशल्य आहे. पंचावन्नाव्या वर्षी रोवलेल्या हाताचं मनगट मोडतं. कोलांट्या आपल्याकडेही मारतात, पण अंग मोकळं करायला. पडायची तयारी म्हणून नव्हे. तेव्हा प्रौढांच्या कुस्तीत पहिला बदल इथेच व्हावा लागेल. पहिले काही महिने नुसतं पडायला शिकायचं, मऊ उकरलेल्या मातीत, पाठीवर, कुशीवर, बसल्या जागेवरून, मग उभ्याने. तांबडी माती या कामाला गादीहून चांगली. ती ताक-तेल-हळद घालून मळलेली, खोऱ्याने रोज उकरलेली असते, आणि तिच्यात पाय सरकत नाही, रुततो. तिचा मऊपणा राखायला रोज राबावं लागतं, हा आणखी एक व्यायाम.

धोका नाही असं कोणी सांगत असेल तर त्याच्या तालमीत जाऊ नये. जपानमध्ये १९८३ पासून पुढच्या तीनेक दशकांत शाळांच्या ज्युदोत शंभराहून अधिक मुलं दगावली. बहुतेक डोकं आपटून, आणि त्यात नवशिक्यांचं प्रमाण मोठं. धोका वयापेक्षा नवखेपणात आणि घाईत जास्त आहे, हे मला त्यातून दिसतं. पण वयाचे धोके वेगळे आहेतच. दम कोंडून जोर लावला की रक्तदाब झपाट्याने चढतो. ज्याचा दाब आटोक्यात नाही किंवा हृदयाच्या वाहिन्या अरुंद झाल्या आहेत त्याने डॉक्टरांच्या होकाराशिवाय माती तुडवू नये. मधुमेहाने डोळ्याचा पडदा दुखावला असेल तर डोकं खाली घालून जोर लावणं दृष्टीवर बेतू शकतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर साधी ठेचही महागात पडते. इन्शुलिन घेणाऱ्याने सरावाआधी आणि नंतर साखर पाहावी. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलेलं असावं. मातीत ही अट सक्तीचीच. गजकर्ण झालेल्याला, तो कितीही जवळचा असो, बरा होईपर्यंत बाहेर बसवावं.

डावांचीही निवड करावी लागेल. ढाक, कलाजंग, धोबीपछाड हे उचलून फेकण्याचे डाव पाहायला देखणे, पण पन्नाशीच्या जोडीसाठी नव्हेत. नाकपट्टी मान पिरगाळते, एकलंगी गुडघा. मानेवर पूल करायचा व्यायाम झिजलेल्या मणक्यांना नको. उरतं ते काही थोडंथोडकं नाही: हातांची झोंबी, मनगट सोडवणं, बगलडूब, घिस्सा, खाली बसवल्यावर सुटण्याच्या युक्त्या, वरून दाब राखणं. खडाखडी, म्हणजे उभ्याने एकमेकांचा अंदाज घेणं, तर प्रौढांसाठीच बनली असावी असं मला वाटतं. ती बघणाऱ्याला कंटाळा आणते, पण करणाऱ्याच्या पायांना आणि श्वासाला पुरं काम देते. जोड लावताना वजन पाहावं तसं वय पाहावं, आणि वयाहूनही स्वभाव. पन्नाशीतला हट्टी भिडू पंचविशीच्या समंजस पोरापेक्षा घातक. तयार पैलवान पोरगा हा प्रौढ नवशिक्याचा उत्तम जोडीदार असतो, कारण त्याला काही सिद्ध करायचं नसतं आणि किती जोर सोडायचा ते कळतं. दोन नवशिके पन्नाशीकर एकमेकांवर सोडले की मात्र वस्तादाने डोळ्यात तेल घालून उभं राहावं.

सरावाचं मापही वेगळं. पोरं रोज दोन वेळा करतात ते प्रौढाला झेपणार नाही. त्याच्या अंगाची झीज भरून यायला वेळ लागतो. आठवड्यातून दोन, फार तर तीन दिवस माती, मधल्या दिवशी बेताच्या बैठका आणि नमस्कार. हे गणित सोपं आहे, पण जुना पैलवान परत येतो तेव्हा त्याला ते पटवणं सर्वांत अवघड. त्याचं डोकं अजून पंचविशीतलं असतं. उशिरा शिकणाऱ्यापेक्षा मला परत येणाऱ्याची जास्त काळजी वाटते. नवशिक्याला आपण किती कच्चे आहोत ते ठाऊक असतं. जुन्याला डाव आठवतो, आणि तो मारायला गेल्यावर खांदा आठवण करून देतो.

या सगळ्यात ज्यांना सर्वांत जास्त फायदा व्हायचा त्या बायका अजून दाराबाहेरच आहेत. पाळी थांबल्यावर बायकांची हाडं पुरुषांपेक्षा वेगाने ठिसूळ होतात. पडायला शिकण्याची गरज त्यांना आधी. औंध संस्थानात राणीसाहेब स्वतः नमस्कार घालत, मुलींच्या शाळेतही नमस्कार होत. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली ती मार्च २०२३ मध्ये सांगलीतच, आणि जिंकली सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने. पोरींना आखाडा खुला झाला, हे चांगलंच झालं. त्यांच्या आयांना मात्र अजून कोणी विचारलेलं नाही. हनुमानाच्या तालमीत बाई नको असं कोणी म्हणत असेल, तर वेगळी वेळ, वेगळी गादी, शिकवायला निवृत्त महिला मल्ल, हे सगळं करता येण्यासारखं आहे. अडचण जागेची नाही.

माझा निर्णय असा. प्रौढाने कुस्ती शिकावी, मैदानासाठी शिकू नये. यात्रेच्या मैदानात पन्नाशीच्या दोघांना हौस म्हणून जोडून शिट्ट्या मारण्याचे प्रकार अधूनमधून होतात. ते बंद व्हावेत. लोकांसमोर हरायची लाज सराव विसरायला लावते आणि इजा तिथेच होते. ज्याला स्पर्धाच हवी त्याने वयोगटाच्या गादीवरच्या स्पर्धेला, वैद्यकीय तपासणी करून जावं. बाकीच्यांना तालमीतली लढत पुरेशी आहे.

हे व्हायला मोठा पैसा लागत नाही. सातारा-सांगलीतल्या बऱ्याच तालमी दुपारी आणि सकाळी उशिरा रिकाम्या असतात. मैदान सोडलेले, विशी-तिशी कुस्तीत घालवलेले आणि आज हाताला काम नसलेले पैलवान या दोन जिल्ह्यांत गावोगाव आहेत. प्रौढांचा वर्ग म्हणजे त्यांना मानाने मिळणारी कमाई. तालीम संघांनी त्यांच्यापैकी काहींना आधी पडणं शिकवण्याचं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण द्यावं, हृदय बंद पडल्यास छाती दाबण्याचंही. मग आठवड्यातले दोन दिवस, सकाळी नऊचा एक तास, चाळिशीपुढच्यांसाठी राखावा. फी घ्यावी, ती त्या तालमीतल्या पोरांच्या खुराकाला लावावी. प्रत्येकाचा रक्तदाब महिन्यातून एकदा वहीत लिहावा. औंधला पौषात यमाईची यात्रा भरते. ज्या तालमीला हे पटत असेल तिने यंदाच्या यात्रेआधी हा तास सुरू करावा. आणि ज्या वाचकाला इतकी वर्षं कट्ट्यावरून कुस्ती पाहून कंटाळा आला असेल त्याने डॉक्टरांकडून तपासून घेऊन, लंगोट नसेल तर साधी चड्डी घालून, जवळच्या वस्तादाला जाऊन सरळ विचारावं. पहिला वस्ताद नाही म्हणाला तर दुसऱ्याकडे जावं.